बूट, लोडर आणि पहिला सेक्टर

१९९८ सालच्या ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सकाळी, भिलाईच्या सेक्टर २ मधल्या आमच्या क्वार्टरमध्ये संगणक सुरू केला तेव्हा काळ्या पडद्यावर एल आणि आय ही दोन इंग्रजी अक्षरं उमटली आणि पुढे काहीच झालं नाही. त्या संगणकात वहिनींनी टाइप केलेला एक प्रबंध होता. त्याची शेवटची छापील प्रत सोमवारी संध्याकाळी द्यायची होती. प्रबंध ज्या दोन फ्लॉप्यांवर उतरवून ठेवला होता त्यांना पावसाळ्यात बुरशी लागली होती, आणि दोन्हींपैकी एकही उघडत नव्हती.

प्रबंध दुर्गच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापिकेचा होता. नंदिनीच्या चुनखडीच्या खाणींत काम करणाऱ्या कुटुंबांचं राहणीमान हा त्याचा विषय. भाषा हिंदी, प्रकरणं सहा. गुरुवारी तो रायपूरला विद्यापीठात पोचवायचा होता आणि त्याआधी बाइंडरला दोन दिवस लागणार होते. वहिनी लग्नाआधी नागपूरला हिंदी आणि मराठी टायपिंग शिकल्या होत्या. घरी संगणक आल्यापासून त्या समोरच्या झाकलेल्या व्हरांड्यात बसून अर्ज, बायोडेटा आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देत. एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलं होतं. हे नीट पार पडलं तर कॉलेजातली आणखी दोन-तीन कामं मिळतील, असं प्राध्यापिका बोलल्या होत्या. बिघडलं तर काय होईल ते कोणी बोललं नव्हतं. दुर्ग-भिलाईत अशी कामं एकाच्या तोंडून दुसऱ्याकडे जात आणि तशीच बंदही होत.

संगणकात जे काही झालं ते आदल्या संध्याकाळी झालं. माझा मोठा भाऊ प्लांटमध्ये, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्यात, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये टेक्निशियन होता. संगणकावरच्या एका मासिकासोबत त्याला लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी मशीन चालवू शकणाऱ्या प्रणालीची, सीडी मिळाली होती. त्याच्या सेक्शनमधल्या एका तेलुगू सिनियरने ती आपल्या घरच्या मशीनवर चढवली होती आणि तेव्हापासून दोघांचं जेवणाच्या सुट्टीत तेवढंच बोलणं चालायचं. आमच्या मशीनच्या डिस्कचे दोन भाग होते. विंडोज त्यांना सी आणि डी म्हणायची. डी रिकामाच आहे, तो लिनक्सला द्यायचा, असा दादाचा बेत होता. सुरू करण्याआधी त्याने वहिनींना विचारलं.

"तुझं काम कोठी आहे? सी मध्ये का डी मध्ये?"

"वर्डमध्ये," वहिनी म्हणाल्या.

हे उत्तर खरं होतं. वर्ड उघडला की फाइलच्या मेनूत सगळ्यात खाली अलीकडे उघडलेल्या फाइलींची नावं दिसत. त्या नावावर टिचकी मारली की प्रकरण उघडे. वहिनी गेले कितीतरी महिने तसंच करत आल्या होत्या. फाइल डिस्कच्या कुठल्या भागात आहे हे माहीत असण्याची त्यांना कधी गरज पडली नव्हती. दादाने स्वतः डी उघडून पाहिला. त्यात पत्त्यांचा एक खेळ होता आणि 'न्यू फोल्डर' नावाचं एक फोल्डर होतं. ते उघडून पाहिलं की नाही, हे त्याला नंतर आठवलं नाही.

लिनक्स चढवताना सी आणि डी ही नावं दिसेनाशी झाली. त्याऐवजी एचडीए-एक आणि एचडीए-पाच अशी नावं आली. दोन भागांना एक आणि पाच हे नंबर का, मधले तीन कुठे गेले, हे मासिकात दिलं नव्हतं. दिलं असेल तर ते पान दादाला सापडलं नाही. त्याने आधी पाच पुसला, मग नवे भाग पाडले, त्यातला एक फार छोटा झाला म्हणून तो पुसून पुन्हा पाडला. बाबा टीव्हीवरच्या बातम्या संपवून त्याच्या मागे येऊन उभे राहिले. ते प्लांटमधूनच निवृत्त झाले होते. काय करून राहिला, असं त्यांनी विचारलं.

"हिस्से पाडून राहिलो."

"हिस्से? कोण मेलं?"

दादाने डिस्कचे हिस्से, असं सांगितलं. बाबांनी मान हलवली. आमच्या घरात हिस्सा हा शब्द हलक्याने कोणी उच्चारत नसे. आजोबा गेल्यावर भंडारा जिल्ह्यातल्या गावी धानाच्या शेतीची वाटणी झाली होती. तळ्याखालच्या, पाणी न आटणाऱ्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, चिठ्ठी टाकून काकांकडे गेल्या आणि तेव्हापासून बाबा आणि काका एकमेकांच्या घरी गेले नव्हते. काका पूर्वी प्लांटच्याच नंदिनीच्या खाणीत लोडर, म्हणजे दगड उचलून भरायचं यंत्र, चालवत. पुढे त्यांची बदली प्लांटमध्ये झाली आणि सेक्टर १ मध्ये क्वार्टर मिळालं. आमच्या घरापासून सायकलने थोडंच अंतर. बाबा त्यांचं नाव घेत नसत. बोलायची वेळ आलीच तर 'तो लोडर' म्हणत. दादाच्या लग्नाला काकांकडचं कोणी आलं नव्हतं.

शेवटी शेवटी पडद्यावर एक प्रश्न आला. मशीन सुरू होताना जो छोटा प्रोग्राम विंडोज किंवा लिनक्स उठवतो, त्याला बूट लोडर म्हणतात. तो कुठे बसवायचा, असा तो प्रश्न होता. उत्तरं दोन होती. वरचं उत्तर म्हणजे सबंध डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या सेक्टरमध्ये. खालचं म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या भागाच्या सुरुवातीला. दादाने वरचं निवडलं. का, असं मी नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, वरचं होतं म्हणून. आणीबाणीसाठी एक फ्लॉपी बनवू का, असंही मशीनने विचारलं होतं. धड फ्लॉपी घरात नव्हती, म्हणून तो नको म्हणाला.

रविवारी सकाळी ती दोन अक्षरं दिसली. दादाने मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा एल, पुन्हा आय. कीबोर्डवरचं काहीही दाबलं तरी फरक पडत नव्हता. मशीन पाच मिनिटं थंड होऊ दिलं, प्लगची जागा बदलली, तरी तेच. वहिनी मागे उभ्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न दोनदा विचारला. आत आहे का? दादा पहिल्यांदा हो म्हणाला आणि दुसऱ्यांदा असेल म्हणाला.

त्याने सिनियरच्या घरी फोन लावला. ते फर्स्ट शिफ्टला गेले होते. त्यांच्या बायकोने निरोप घेतला. मग दादाला विंडोजसोबत आलेली स्टार्टअप फ्लॉपी आठवली. मशीन बिघडलं तर ती घालून सुरू करायचं असतं. शोधाशोध झाल्यावर वहिनींनीच सांगितलं की ती उन्हाळ्यात त्यांनी पुसली आणि एका मुलाचा बायोडेटा तिच्यावर घालून दिला.

"तिच्यावर काई नव्हतं," त्या म्हणाल्या. "नुसत्या इंग्रजी फाइली होत्या."

दादाने स्कूटरची चावी घेतली. नेहरू नगरच्या एका कंप्यूटर क्लासमध्ये तशी फ्लॉपी मिळेल म्हणून दोघं स्कूटरवर निघाले.

त्या सकाळी बाबा व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते आणि दादाच्या तोंडून त्यांच्या कानावर एकच वाक्य पुनःपुन्हा पडत होतं. "बूट होऊन नाई राहिलं." मशीन सुरू होत नाही, असा त्याचा अर्थ. पण मराठीत बूट पायाला होतो किंवा होत नाही. त्याच आठवड्यात दादाला प्लांटमधून नवे सेफ्टी बूट मिळाले होते आणि त्यांचं खोकं व्हरांड्यातच, बाबांच्या खुर्चीशेजारी पडलं होतं. मोजे काढून पाहिलं का, असं बाबांनी एकदा विचारलं. दादा पडद्याकडे पाहत हो म्हणाला. बाबांचं समाधान झालं नाही. सेफ्टी बूट नीट बसत नसला तर माणूस लंगडत काम करतो आणि जुने फाटलेले घालून गेला तर गेटवर अडवतात. पस्तीस वर्षं प्लांटात काढलेल्या माणसाला ही काळजी वाटणं साहजिक होतं.

दुपारच्या सुमारास फोन वाजला. आई गावी गेली होती. मी वर्तमानपत्राची रात्रपाळी करून आलो होतो आणि आतल्या खोलीत झोपलो होतो. त्यामुळे पुढचा भाग मी स्वतः पाहिलेला नाही. तो बाबा, सिनियर आणि माझी चुलत बहीण या तिघांनी सांगितलेल्यावरून जुळवला आहे. तिघांचं सगळं जुळत नाही.

बायकोकडून निरोप कळल्यावर सिनियरने प्लांटमधूनच फोन केला होता. दादा घरी नाही म्हटल्यावर त्यांनी निरोप ठेवला. शब्द हेच होते याबद्दल मात्र सिनियर आणि बाबा यांचं एकमत आहे.

"अंकल, उसको बोलिए, बूट लोडर फर्स्ट सेक्टर में बैठ गया है. उसको वहाँ से हटाना पड़ेगा, तब ही काम होगा."

बाबांनी विचारलं, "फर्स्ट सेक्टर में? पक्का?"

"पक्का."

"वो देगा क्या?"

हा प्रश्न सिनियरला कळला नाही. मशीन चालेल का, असं अंकल विचारत असावेत असं त्यांना वाटलं.

"क्यों नहीं देगा," ते म्हणाले. त्यांना आणखी काही सांगायचं होतं, पण बाबांनी धन्यवाद म्हणून फोन ठेवला होता.

बाबांच्या दृष्टीने सगळं उलगडलं होतं. काका आणि दादा, दोघांचं आडनाव एक. स्टोअरमध्ये जोड्या बदलल्या, दादाचे बूट पहिल्या सेक्टरमधल्या लोडरकडे गेले आणि लोडरचे इकडे आले. प्लांटमध्ये अशा गोष्टी होत आणि कळतही. सिनियर हे बुटांबद्दल घरी फोन करून का सांगतील, हा प्रश्न त्यांना पडला नाही. त्यांनी मला हाक मारली. लोडरकडे जाऊन राहिलो, असं म्हणाले, असं ते सांगतात. मी हूं म्हटलं, असंही ते सांगतात. मला यातलं काही आठवत नाही. त्यांनी खोकं सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि ते निघाले.

काकांच्या दारात काय झालं याबद्दल दोन हकिकती आहेत. बाबांच्या मते ते उंबऱ्याच्या आत गेले नाहीत. चुलत बहिणीच्या मते ते आत गेले, खुर्चीवर बसले आणि चहा घेतला. दार काकांनी उघडलं यावर दोघं सहमत आहेत. वाटणीनंतर पहिल्यांदाच भाऊ दारात उभा पाहून काकांनी आधी पायांत चप्पल सरकवली.

"भाऊ. कोण गेलं?"

"कोणी नाई गेलं. पोराचे बूट तुह्याकडे आले."

"माह्याकडे? मी कावून ठेवू त्याचे बूट?"

"ठेवले नाई म्हणत. आले म्हणतो. तुह्याकडे आपोआपच येते."

"चिठ्ठी तुमीनच उचलली होती, भाऊ," काका म्हणाले.

मग काका आत जाऊन आपलं खोकं घेऊन आले. त्यांनाही त्याच आठवड्यात नवे बूट मिळाले होते. दोन्ही खोकी जमिनीवर शेजारी शेजारी ठेवली गेली. दोन्हींवर आठ नंबर होता. दोघांनी बूट बाहेर काढून तळव्याला तळवा लावून पाहिले. ते सारखेच होते.

"आता काय करता?" काकांनी विचारलं.

"बदलून घेतो," बाबा म्हणाले. "फोन आला म्हणजे काही तं असेल."

काकांची मुलगी तेव्हा बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि नेहरू नगरच्या एका क्लासमध्ये संगणकाचा डिप्लोमा करत होती. ती दाराच्या आतून हे सगळं ऐकत होती. फोनवर नेमकं काय म्हणाले, असं तिने विचारलं. बाबांनी वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तिने ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

"मोठे बाबा, हे पायातलं नाई. हे कंप्यूटरचं आहे. दादाच्या मशीनमध्ये काही झालं का?"

बाबा म्हणाले, मशीनमध्ये त्याने काल हिस्से पाडले. एवढ्यावरून तिला काय झालं असेल याचा थोडा अंदाज आला. सगळं कळलं नव्हतं, असं ती आजही सांगते. क्लासमध्ये प्रॅक्टिकलला प्रत्येकाने विंडोजची स्टार्टअप फ्लॉपी बनवली होती. तिची तिच्या दप्तरात होती. दादाला जे काय नेमकं हवं होतं ते तिच्याकडे असणं हा निव्वळ योगायोग होता. सिनियरच्या निरोपाचा त्याच्याशी संबंध नव्हता. ती काकांकडे पाहत राहिली.

"जाऊन पाय," काका म्हणाले.

बाबा काकांचं खोकं घेऊन पुढे आणि ती तिच्या सायकलवर मागे, असे दोघं आमच्याकडे आले. ते पोचले तेव्हा मी उठलो होतो. येथून पुढचं मी पाहिलेलं आहे.

दादा आणि वहिनी नुकतेच परत आले होते. क्लासच्या दाराला दसऱ्याच्या सुट्टीची पाटी होती. दादाने आधी बहिणीकडे पाहिलं, मग बाबांच्या हातातल्या खोक्याकडे.

"हे घे," बाबा म्हणाले. "घालून पाय. आता होईल."

दादा म्हणाला, माझे बूट मला होतात. बाबा म्हणाले, मग सकाळपासून काय बोंबलून राहिला होता. कोणी कोणाला लगेच काही समजावू शकलं नाही. बहिणीने दप्तरातून फ्लॉपी काढून वहिनींच्या हातात दिली. त्या दोघी त्या दिवशी पहिल्यांदाच भेटत होत्या.

फ्लॉपी घातल्यावर मशीन सुरू झालं. विंडोज आली नाही, काळा पडदा आणि एक लुकलुकती रेघ आली. बहिणीने सी भागाची यादी मागवली. फाइलींची नावं झरझर वर गेली आणि कोणाला एकही वाचता आलं नाही. मग ती थांबून थांबून दिसतील अशी मागवली. विंडोजचं सगळं जागेवर होतं. डी मागितल्यावर असा भाग नाही, असं उत्तर आलं.

वहिनींच्या फाइली एका फोल्डरमध्ये सापडल्या, पण तिथे नावं तोडलेली होती. वहिनींनी प्रत्येक फाइलीला अध्याय हे नाव इंग्रजी अक्षरांत आणि पुढे प्रकरणाचा नंबर दिला होता. इथे नावाची पहिली सहाच अक्षरं दिसत होती आणि पुढे एक ते पाच आकडे. प्रकरणं सहा होती. एक कमी होतं हे मोजून कळलं. कुठलं कमी होतं हे कळेना. ते आकडे प्रकरणाचे नाहीत, फाइल कुठल्या क्रमाने बनली त्याचे आहेत, असं बहीण म्हणाली. वहिनींनी प्रकरणं क्रमाने टाइप केली नव्हती. आधी तिसरं आलं होतं, मग पहिलं, पुढचं त्यांना आठवेना.

आहे ते आधी दुसऱ्या फ्लॉपीवर काढून घेऊ, असं बहिणीने सुचवलं. घरात धड फ्लॉपी नव्हती, आणि तिच्या फ्लॉपीवर जागा नव्हती.

दादाने सिनियरला पुन्हा फोन लावला. या वेळी ते घरी होते. एक आज्ञा टाइप करायची आणि एंटर दाबायचा, एवढंच करायचं आहे, असं ते म्हणाले. पहिल्या सेक्टरमधून लोडर निघून जाईल आणि विंडोजचा जुना तिथे येईल. दादाने आज्ञा कागदावर उतरवून घेतली आणि वाचल्यावर थांबला. तिच्यातला पहिला शब्द एफडिस्क होता. आदल्या संध्याकाळी ज्या प्रोग्रामने त्याने हिस्से पुसले आणि पाडले होते त्याचं नावही एफडिस्कच होतं. तो तोच का, हे त्याने विचारलं. तो लिनक्सचा, हा विंडोजचा, नाव सारखं, काम वेगळं, असं सिनियर म्हणाले. काम वेगळं म्हणजे किती वेगळं, हे दादाला कळलं नाही. फोन ठेवल्यावर त्याने आज्ञा टाइप केली आणि हात मांडीवर ठेवले.

"उरलेले पाचही गेले तं?" तो म्हणाला.

बहीण म्हणाली, क्लासमध्ये हे शिकवलं नाही. बाबा म्हणाले, फोनवाल्याने मघा पण पक्कं म्हटलं होतं. मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

वहिनींनी दादाला उठायला सांगितलं आणि त्या खुर्चीवर बसल्या. "काम माहं आहे," त्या म्हणाल्या. "मी दाबते."

त्यांनी एंटर दाबला. पडद्यावर काहीच आलं नाही. झालं किंवा नाही झालं, असं एक अक्षरही उमटलं नाही. रेघ खालच्या ओळीवर उतरून पहिल्यासारखी लुकलुकू लागली. झालं का, असं दादाने विचारलं. बहीण म्हणाली, माहीत नाही. वहिनींनी फ्लॉपी काढली आणि मशीन बंद करून चालू केलं.

विंडोजचं निळं आभाळ आलं.

वर्ड उघडला. मेनूच्या तळाशी नावं होती. पहिलं प्रकरण उघडलं. दुसरं, तिसरं उघडलं. चौथ्यावर टिचकी मारली तेव्हा फाइल सापडत नाही, असा चौकोन आला. वहिनींनी तो बंद केला आणि फोल्डरमधून पाचवं आणि सहावं उघडून पाहिलं. ती होती. मग त्या पुन्हा चौथ्यावर आल्या. तोच चौकोन. त्यात फाइलीचा पत्ता लिहिला होता. पत्ता डी ने सुरू होत होता आणि त्यात 'न्यू फोल्डर' हे शब्द होते.

ते प्रकरण तिथे कसं गेलं, हे अखेरपर्यंत कळलं नाही. वहिनी म्हणाल्या, मी हलवलं नाही. दादा म्हणाला, मी हलवलं नाही. घरात संगणकाला हात लावणारं तिसरं कोणी नव्हतं.

दादाने सांगायला सुरुवात केली की डिस्कवरून पुसलेलं परत आणता येतं, सिनियर म्हणत होते. वहिनींनी त्याला थांबवलं. आता मशीनमध्ये काही करायचं नाही, असं त्यांनी सांगितलं आणि प्राध्यापिकेला स्वतः फोन केला. काय झालं ते त्यांनी फिरवून न सांगता सांगितलं. चौथं प्रकरण गेलं आहे, तुमच्याकडे जुनी प्रत असेल तर मी उद्या संध्याकाळपर्यंत पुन्हा करून देते. मग प्राध्यापिका म्हणाल्या की गाइडने लाल शाईने दुरुस्त केलेली प्रत आहे. उद्या होईल का, असं त्यांनी विचारलं. वहिनी हो म्हणाल्या. दादा स्कूटर काढून दुर्गला गेला.

प्रत आली तेव्हा दुपार कलली होती. चौथं प्रकरण खाणीतली कामं आणि यंत्रं यांवर होतं. लाल शाईच्या खुणा, बाण आणि समासातली बारीक अक्षरं पाहून वहिनींनी एक पान टाइप केलं आणि त्या थांबल्या. दर ओळीला मान वळवून वाचावं लागत होतं. बहीण शेजारी स्टूल ओढून बसली आणि वाचू लागली. ती लहानपणी नंदिनीच्या वस्तीत वाढलेली होती. खाणीतली नावं आली की तिला अक्षर लावावं लागत नव्हतं.

संध्याकाळी काका आले. पोरगी परत आली नाही म्हणून आलो, असं ते फाटकातून म्हणाले. बाबा व्हरांड्यातच बसले होते.

"आत ये," बाबा म्हणाले. "बायांचं काम चालू आहे. हळू बोल."

मी चहा केला. दादाने दोघांना निरोपाचा अर्थ समजावून सांगायचा प्रयत्न केला. बूट म्हणजे मशीन सुरू होणं, लोडर म्हणजे ते सुरू करणारा प्रोग्राम, सेक्टर म्हणजे डिस्कवरची जागा. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी डिस्कमध्ये बसलो होतो म्हणता."

"पहिल्याच सेक्टरात," बाबा म्हणाले. "हटाले तयार नाई."

काका हसले. बाबा हसले की नाही हे मला बसलेल्या जागेवरून दिसलं नाही. बांध्यांचा विषय त्या संध्याकाळी निघाला नाही.

सोमवारी बहीण सकाळीच आली. क्लासला सुट्टी होती. दोघींनी प्रकरण पुरं केलं. प्राध्यापिका आल्या तेव्हा शेवटची पानं प्रिंटरमधून निघत होती. त्यांनी चौथं प्रकरण उभ्यानेच चाळलं, एका ठिकाणी पेन्सिलीने खूण केली, ते पान वहिनींनी दुरुस्त करून पुन्हा छापून दिलं. गुरुवारी प्रबंध रायपूरला पोचला.

काकांचे बूट आमच्याकडे आणि दादाचे त्यांच्याकडे राहिले. दोघांनी ते घातले आणि दोघांना ते झाले. डिस्कवरचा लिनक्सचा भाग तसाच पडून राहिला. त्यात पुन्हा कोणी शिरलं नाही. शिरण्याचा रस्ता पहिल्या सेक्टरमधून निघून गेला होता.

पुढच्या वर्षी प्राध्यापिकेला पदवी मिळाली. त्या पेढे घेऊन आल्या आणि सोबत आणखी एक काम. बांधलेल्या प्रबंधाची एक प्रत त्यांनी वहिनींना दिली, ती अजून घरी आहे. ऋणनिर्देशाच्या शेवटच्या ओळीत टंकलेखनासाठी दोन नावं आहेत. पहिलं वहिनींचं आहे. दुसरं माझ्या चुलत बहिणीचं.